ओपन-वर्ल्ड गेमच्या लढाईत डोकं लढवल्याचं चीज होतं का?

प्रश्न रत्नागिरीत शिकणाऱ्या एका मुलाने पाठवला आहे. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून कोकण किनाऱ्यावर घडणारा एक छोटा ओपन-वर्ल्ड गेम, म्हणजे ज्यात खेळाडू मोकळ्या जगात हवं तिथे फिरू शकतो असा गेम, बनवताहेत: खाडी, तरीचा धक्का, माडांच्या वाड्या आणि जांभ्याचा एक पडका कोट. तो विचारतो, "दादा, अशा गेमच्या जाहिरातीत नेहमी सांगतात की शत्रूशी हवं तसं लढा, कल्पकता वापरा. पण मी आणि माझे मित्र शेवटी एकच धनुष्य घेऊन अख्खा गेम संपवतो. मग कल्पकतेचं खरंच काही चीज होतं का? आणि आमच्या गेममध्ये आम्ही काय करावं? स्टाइलला गुण द्यावेत का?"

मी बरीच वर्षं गेममधल्या लढायांचं डिझाइन करतो. आधी पुण्यात नोकरी होती, आता गावच्या घरातून काम चालतं. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

बहुतेक ओपन-वर्ल्ड गेम कल्पकतेला मोकळीक देतात, मोबदला देत नाहीत. छपरावरून उडी टाकून, पिंप पेटवून, घोडा अंगावर घालून शत्रूला लोळवता येतं, ही मोकळीक. तसं केल्यामुळे तुझं काही वाचलं, काही नवं हाती लागलं, किंवा जिथे हार ठरलेली होती तिथे वाट निघाली, तर तो मोबदला. जाहिरातीत पहिली गोष्ट दाखवतात आणि दुसरी आपण गृहीत धरतो. तुझ्या धनुष्याचं कोडं इथेच सुटतं. 2011 च्या स्कायरिम या गेममध्ये जादू आहे, कुऱ्हाडी आहेत, नुसत्या ओरडण्याने माणूस कड्यावरून उडवता येतो. तरी जगभरचे खेळाडू फिरून फिरून लपून बाण मारणाऱ्या धनुर्धाऱ्यावरच येतात. लपून सोडलेल्या बाणाने शत्रूला दुप्पट इजा होते, पुढे पर्क (लेव्हल वाढली की निवडता येणारं कौशल्य) घेतला की तिप्पट. धोका जवळपास नाही आणि तोच डाव शेवटच्या गुहेपर्यंत चालतो. यात खेळाडूला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. गेमने ज्याला भाव दिला तेच तो उचलतो.

डिझायनरला हे कळत नसतं असंही नाही. अडचण ओपन-वर्ल्डच्या घडणीतच आहे. बंदिस्त पातळ्यांच्या गेममध्ये मला ठाऊक असतं की खेळाडू या खोलीत येईल तेव्हा त्याच्या हातात काय असेल, त्याला काय शिकवून झालं असेल. मोकळ्या जगात तो कुठल्याही दिशेने, कुठल्याही हत्यारानिशी, कुठल्याही लेव्हलला येऊन उभा राहतो. त्याला युक्ती सुचली नाही म्हणून तो अडकून पडला तर गेम बाजूला ठेवून देईल. म्हणून प्रत्येक ठिकाणी साधी तलवार चाललीच पाहिजे, असा अलिखित नियम होऊन बसतो. आणि तलवार सगळीकडे चालते म्हटल्यावर बाकी सगळं हौसेपुरतं उरतं. त्यात खेळाडू मुळात कुठेतरी निघालेला असतो, वाटेत शत्रूचा तळ लागतो. तलवारीने तो अर्ध्या मिनिटात मोकळा होत असेल तर पाच मिनिटं सापळा रचायला तो का थांबेल? दोन्हीकडे पेटीत तेच सोनं असतं.

आता जिथे चीज होतं तो गेम जवळून बघू. 2017 चा निन्टेंडोचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड, झेल्डा या जुन्या मालिकेतला. सुरुवातीच्या पठारावर तीन-चार बोकोब्लिन, म्हणजे त्या गेममधले साधे राक्षस, शेकोटीभोवती बसलेले असतात, हत्यारं बाजूला टेकवून. तू लाकडी सोटा त्या शेकोटीत धरलास तर तो पेटतो. पेटता सोटा सुक्या गवताला लावलास तर गवत पेटतं, आग पसरते आणि तापलेल्या हवेचा झोत वर उठतो. कापडी छत्री उघडून त्या झोतावर स्वार झालास तर आकाशातून बाण मारता येतात. पाऊस आला तर यातलं काहीच जमत नाही, पण विजा चमकू लागल्या की पाठीवरची लोखंडी तलवार ठिणग्या सोडायला लागते. ती काढून शत्रूच्या पायाशी फेकलीस तर वीज त्याच्यावर पडते. यातला एकही डाव तिथे स्वतंत्रपणे बसवलेला नाही. त्याच वर्षी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्या चमूने आपले नियम सांगितले होते. आग, पाणी, वीज, वारा यांच्यासारखी तत्त्वं वस्तूंची अवस्था बदलू शकतात. तत्त्वं एकमेकांची अवस्थाही बदलू शकतात. पण वस्तू दुसऱ्या वस्तूची अवस्था बदलू शकत नाहीत.

तिसऱ्या नियमाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, आणि तुम्हा तिघांसाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. गेममध्ये 10 गोष्टी असतील आणि प्रत्येकीचा प्रत्येकीशी संबंध लावायचा असेल तर 45 जोड्या तपासाव्या लागतात. 20 गोष्टी झाल्या की 190. प्रत्येक जोडीला ॲनिमेशन, आवाज, बग. तीन मुलांच्या चमूचा त्यात जीव जाईल. वस्तू-वस्तूंमधला व्यवहार बंद केला की यादी आवाक्यात येते, आणि खेळाडूला मात्र जग अथांग वाटत राहतं. हा नियम त्यांनी आधी जुन्या, 1986 च्या झेल्डासारख्या दिसणाऱ्या साध्या टूडी नमुन्यावर घासून पाहिला होता. तुम्हीही थ्रीडीच्या मागे लागण्याआधी तेच करा. चौकटींच्या कागदावरही चालेल.

पण याच गेममध्ये कल्पकतेची किंमत कशी उतरते तेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीच्या लाल बोकोब्लिनची हेल्थ, म्हणजे तो किती मार सोसतो तो आकडा, 13 असते. तू शत्रू मारत जातोस तसं जग आतल्या आत बलवान होतं आणि पुढे त्याच जातीचा चंदेरी बोकोब्लिन येतो, त्याची हेल्थ 720. चुंबकाने उचलून डोक्यावर आपटलेली लोखंडी पेटी पहिल्याला एका फटक्यात संपवते. दुसऱ्याच्या बाबतीत तीच पेटी पुन्हा पुन्हा आपटत बसावं लागतं, आणि तेवढ्यात चांगली तलवार काम उरकून मोकळी होते. सुरुवातीचे काही तास खेळाडू शोधक असतो आणि शेवटी शेवटी तो आकडे जुळवत बसतो, याचं मुख्य कारण मला हेच वाटतं. हत्यारांचे आकडे वाढत जातात, दगड, आग, उंची यांचे आकडे तिथेच राहतात. फक्त एक गोष्ट आकड्यांना जुमानत नाही: खोल पाणी. बोकोब्लिनला पोहता येत नाही. 13 वाला असो की 720 वाला, पाण्यात ढकलला की खलास. लढाईतले काही नियम हेल्थ बारला बाजूला सारून चालले पाहिजेत, नाहीतर लेव्हल वाढली की डोकं लढवणं महाग पडतं.

हत्यारं मोडण्यावरून त्या गेमला खूप बोल लागले. मी त्या बाबतीत ठामपणे गेमच्या बाजूचा आहे. तलवार मोडते म्हणूनच दगड लोटावासा वाटतो. दरडीवरून लोटलेला धोंडा फुकटात तीन शत्रू घेऊन जातो आणि तलवार पुढच्या लायनेलसारख्या बलाढ्य राक्षसासाठी शिल्लक राहते, हा उघड मोबदला आहे. तलवार अक्षय असती तर तो धोंडा निव्वळ देखावा झाला असता. 2008 च्या फार क्राय 2 मध्ये बंदुका ऐन वेळी अडकतात आणि सुक्या गवतातली आग वाऱ्याच्या दिशेने पसरते. त्यात चकमकीच्या मध्यावर बेत बदलावाच लागतो. खेळायला तो गेम खडतर आहे, पण कागदावरचा बेत फसल्यावर जे सुचतं ते त्याने जितकं चोख बाहेर काढलं तितकं पुढच्या गुळगुळीत भागांना जमलं नाही.

ब्रेथ ऑफ द वाइल्डचा 2023 चा पुढचा भाग, टिअर्स ऑफ द किंगडम. त्यात तर वस्तू जोडून गाड्या, विमानं, तोफा बनवता येतात. एवढी मोकळीक मी दुसऱ्या कुठल्या मोठ्या गेममध्ये पाहिली नाही. तरीही बहुसंख्य खेळाडू दोन पंखे आणि एक सुकाणू जोडून केलेल्या उडत्या दुचाकीवर येऊन थांबले, कारण ती स्वस्त आहे, बॅटरी कमी खाते आणि जवळजवळ सगळीकडे जाते. लढाईतही कुठलं शिंग तलवारीला जोडलं की सर्वांत मोठा आकडा येतो, हेच पाहिलं जातं. मात्र त्याच गेममध्ये एक साधं फूल बाणाला लावून मारलं की शत्रू गोंधळून आपसातच भिडतात. ते फूल मला सगळ्या यंत्रांपेक्षा चांगलं डिझाइन वाटतं. बनवायला क्षणभर, आणि परिणाम समोर किती शत्रू आहेत, कसे उभे आहेत, त्यांच्यातला बलाढ्य कोण, यावर ठरतो. तळ जितका मोठा तितकं ते फूल जास्त फळतं.

मग एकाच डावाला चिकटून बसणाऱ्याचं काय करायचं? 2015 च्या मेटल गियर सॉलिड 5 ने सर्वांत धीट उत्तर दिलं. तू सारखे डोक्यात नेम धरून मारलेस तर शत्रूचे शिपाई हेल्मेट घालू लागतात. रात्रीच हल्ले केलेस तर नाइट व्हिजन येतं, गॅस वापरलास तर मास्क. त्यावर तू तुझी माणसं पाठवून त्यांचा हेल्मेटचा साठाच उडवू शकतोस. शत्रू तुझ्याकडून शिकतो आहे ही भावना फार मोठी आहे, त्यात खेळाडूला मान मिळतो. पण त्याच गेममध्ये शिपाई जिवंत पकडून फुग्याला बांधून आपल्या तळावर पाठवला की तो तुझा माणूस होतो, आणि तळ वाढवायला माणसं लागतातच. त्यामुळे बहुतेक जण रॉकेट, रणगाडे सोडून बेशुद्ध करणारं पिस्तूलच धरतात. शत्रूची वागणूक सांगते की सतत डाव बदल, आणि बक्षिसाची पेटी सांगते की एकच डाव धर. असा तंटा झाला की खेळाडू पेटीचंच ऐकतो. म्हणून तुमच्या गेममध्ये लढाई संपल्यावर नेमकं काय हातात पडतं ते आधी ठरवा, लढाई नंतर.

एल्डन रिंगचा उल्लेख कुणीतरी करणारच. त्यातली कल्पकता बहुतांशी लढाईआधी असते: कुठलं हत्यार, कुठली राख (हत्याराला खास वार देणारी किंवा मदतनीस आत्मा बोलावणारी), कुठला मंत्र. 2022 च्या फेब्रुवारीत गेम आला आणि मार्चच्या 1.03 अपडेटमध्ये खेळाडूंच्या लाडक्या मिमिक टिअरचा, म्हणजे खेळाडूचीच नक्कल होऊन लढणाऱ्या मदतनीसाचा, जोर कमी करावा लागला, कारण सगळे तोच वापरत होते. तो गेम मला अतिशय आवडतो, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात फारसं सापडणार नाही.

एक गोष्ट खेळताना दिसत नाही आणि बनवताना पदोपदी लागते. मोठ्या घोळक्याशी लढताना बहुतेक गेममध्ये टोकन असतात. ज्याच्याकडे टोकन तोच वार करतो, बाकीचे घुटमळत राहतात, नाहीतर खेळाडू दोन सेकंदांत मरेल. यात गैर काही नाही. पण घुटमळणाऱ्यांना त्या वेळी काम दिलं नाही तर ते खांबासारखे उभे राहतात, आणि खांबांपुढे कुणाला काय सुचणार? त्यांना बघू दे, ऐकू दे, घाबरू दे. एकाने पडलेली मशाल उचलावी, दुसऱ्याने दार लावून घ्यावं, तिसऱ्याने मदतीला हाक मारावी. शत्रू जगाचे नियम स्वतः वापरू लागला की खेळाडूही ते वापरू लागतो, कारण त्याला ते डोळ्यांनी दिसतात.

हे मी आमच्या एका प्रोटोटाइपवर, म्हणजे गेमच्या कच्च्या नमुन्यावर, पाहिलं. खाडीकाठी शत्रूचा तळ, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या खोपी, मागे काजूची बाग आणि बागेत पातेरा, गुडघाभर सुका. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून आलेली शेजारची मुलं पडवीत बसून तो खेळत होती. सगळ्यांनी पहिल्यांदा तुझंच केलं. टेकाडावर बसून बाण, एकेक करून सगळे गारद. आम्ही बाणाचा जोर कमी केला नाही. एवढंच बदललं की पहिला बाण लागला की उरलेले खोपींत शिरतात, आणि अंधार पडल्यावर एक जण कंदील घेऊन पातेरा तुडवत शोधायला निघतो. बाणांनी तळ अजूनही घेता येत होता, फक्त वेळ लागत होता. मग त्यातल्या एका मुलीने कंदीलवाल्यावर बाण मारला. कंदील पडला, पातेरा पेटला, आणि आग खोपींकडे जाण्याऐवजी तिच्याच दिशेने आली. तिला वाटलं गेम बिघडला. धाकटा भाऊ म्हणाला, "अगं, झाडं कुठे वाकतायत ते बघ ना." आमच्या गेममध्ये दुपारी वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो आणि रात्री उलटा, शाळेच्या पुस्तकातले खारे वारे नि मतलई वारे. ती रात्री खाडीच्या बाजूला बसली होती. पुढच्या खेपेला तिने बागेच्या वरच्या अंगाला जाऊन तोच कंदील पाडला आणि अख्खा तळ एका बाणात रिकामा केला. त्यानंतर त्या पडवीत धनुष्याबद्दल कुणी बोललं नाही, सगळे वाऱ्याबद्दल बोलत होते.

यात दोन गोष्टी आहेत. पहिल्यांदा आग तिच्या अंगावर आली, पण ती का आली हे पडद्यावरच दिसत होतं. युक्ती फसण्याचं कारण दिसलं तर माणूस पुन्हा प्रयत्न करतो, नाहीतर तलवारीकडे वळतो. आणि दुसरं, तिला मिळालेलं बक्षीस म्हणजे सोन्याची पेटी नव्हे. वारा रात्री फिरतो हे ज्ञान तिला मिळालं, आणि ते पुढच्या प्रत्येक तळावर कामाचं होतं.

आता तुमचा किनारा. तुमच्याकडे जे आहे ते परदेशी स्टुडिओला सुचणारही नाही, म्हणून ड्रॅगन नि जादूच्या मागे जाऊ नका. भरती-ओहोटी घ्या. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास असतात. गेममधला दिवस 48 मिनिटांचा धरला तर ते साधारण 25 मिनिटं झाली. ओहोटीला खाडी पायी ओलांडता यावी, चिखलात पाय रुतावेत, जड चिलखतवाल्याचे जास्त. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जावा. वर म्हटलं तसं खोल पाणी लेव्हल बघत नाही, मग शत्रूला चिखलात ओढून आणून भरतीची वाट बघणं हा तुमच्या गेमचा सर्वांत भारी डाव होऊ शकतो आणि त्याला एक ओळ वेगळा कोड लागणार नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या आरमारी लढायांचं गणितही हेच होतं. कान्होजी आंग्र्यांची गलबतं उथळ पाण्यात शिरू शकत, मोठी युरोपीय जहाजं शिरू शकत नसत. पावसाळाही घ्या. जूनमध्ये पातेरा पेटणार नाही, पण जांभ्यावर शेवाळ येईल आणि पळणारा घसरेल, तूही आणि शत्रूही. वरचे नियम तेच, ऋतू बदलला की डाव बदलतात.

तत्त्वं मात्र चारच ठेवा: आग, पाणी, वारा, आवाज. आवाज यासाठी की तो स्वस्तात बनतो. शहाळं आपटलं, कुत्रा भुंकला, पातेऱ्यावर पाय पडला की शत्रूने मान वळवायची. हत्यारं झिजू द्यात, निदान बाण मोजके ठेवा. शत्रूचा जोर वाढवायची गरज पडली तर हेल्थ वाढवण्याआधी त्याला नवं काहीतरी करायला शिकवा: एकाला पोहता येऊ दे, एकाला वारा कळू दे. आणि खेळाडूचे फसलेले प्रयत्न लिहून ठेवा. मुलं जे करून बघतात आणि गेममध्ये घडत नाही, तीच तुमच्या पुढच्या कामाची यादी. शक्यतो गेम न खेळणाऱ्या माणसाला खेळायला बसवा. सराईत खेळाडू जुन्या गेमच्या सवयीने खेळतो. होडी हाकणारा माणूस पहिल्याच मिनिटाला दोर कापून बघेल.

स्टाइलला गुण देऊ नका. डेव्हिल मे क्रायसारख्या गेममध्ये ते शोभतात. तिथे लढाई हीच मैफल असते, तोच वार पुन्हा केला की दर्जाचं अक्षर वर चढत नाही, आणि खेळाडू त्या अक्षरासाठीच आलेला असतो. तुमच्या गेममध्ये माणूस तरीवर जायला निघालाय. वाटेत त्याने भरती धरून चार जण चिखलात अडकवले, तर चार बाण वाचले आणि पलीकडची होडी आयती मिळाली, एवढं पुरे. त्यावर "उत्कृष्ट" असा शिक्का मारलात तर पुढच्या वेळी तो शिक्क्यासाठी खेळेल आणि कुठल्या डावाला शिक्का मिळतो ते शोधून तोच डाव घोटत बसेल, म्हणजे गाडी पुन्हा तुझ्या धनुष्यापाशी आली. आधी खाडीचा एकच तळ, एक भरती आणि पाच शत्रू एवढंच बनवा. खेळता येईल अशी बिल्ड झाली की पाठव, मी खेळून सविस्तर कळवतो.